बत्तीस खणांची पेटी

उद्यमबागेतल्या आमच्या फौंड्रीच्या गेटपाशी
आता एक लाकडी पेटी आहे.
बत्तीस खण, प्रत्येकाला जाळीचं दार.
सकाळी सातला एकेक जण येतो,
आपल्या नंबरच्या खणात फोन ठेवतो,
मी कुलूप लावते.
चावी टाइम ऑफिसच्या, म्हणजे माझ्या, कमरेला.

भावकाण्णामुळं झालं हे, असं सगळे म्हणतात.
येळ्ळूरचा भावकाण्णा, भट्टीवर चौदा वर्षं.
वितळलेलं लोखंड साच्यात ओततानाची
त्यानं एक रील टाकली.
गाणं नाही, काही नाही, नुसता ओतण्याचा आवाज
आणि शेवटी हातमोजा काढून पुसलेलं कपाळ.
साठ हजारांनी पाहिली.
त्याच्या बायकोला तेव्हा पहिल्यांदा कळलं
नवरा दिवसभर काय करतो ते.
"एवढ्या जाळाजवळ?" एवढंच म्हणाली म्हणे,
आणि त्या रात्री भातावर दही जरा जास्त वाढलं.

खरं मागच्या फळ्यावर तीन सेकंद
गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग दिसत होतं.
पुण्याहून फोन आला.
मेमो मीच टाइप केला, दोन प्रती.
"कॉन्फिडेन्शियल म्हंजे काय ओ बाई?"
"झाकून ठेवायचं."
"मग फळ्यावर कशाला लावलंय?"
सही केली. अक्षर सुरेख आहे त्याचं.
महिन्याभरात स्वतःच सोडून गेला.

पेटीच्या आधी आमचा ग्रुप होता, 'भट्टी बांधव'.
बांधवांत बाई मी एकटीच.
दस्तगीरभाईंचा रोजचा गुलाब,
इराण्णाचं कन्नडमधलं शुभोदय,
कुणाच्या तरी म्हशीला झालेली रेडी.
एका नोव्हेंबरात कुणीतरी काहीतरी पुढं ढकललं,
भाषेवरचं.
कुणी लिहिलं, कुठनं आलं, कुणाला ठाऊक नाही.
दुसऱ्या दिवशी इराण्णा आणि भरमा,
बारा वर्षं एका डब्यातली भाकरी मोडणारे,
दोन वेगळ्या नळांवर हात धूत होते.
आठवडाभर.
मग भरमाची शेंगाचटणी संपली म्हणून की काय,
परत एका फळीवर बसले.

त्याच महिन्यात, त्याच ग्रुपवर,
ग्राइंडिंगच्या परशाचा हात सापडला त्या रात्री
साडेअकराला मी टाकलं: ओ निगेटिव्ह पाहिजे.
बाराच्या आत तिघे दवाखान्याच्या पायरीवर.
एक मच्छेचा, एक पिरनवाडीचा,
तिसरा तर आमच्या फौंड्रीतला नव्हताच,
अंगात बनियन, पायांत दोन जोडांतल्या दोन चपला.
नाव विचारायचं राहून गेलं.

दुपारी दोनच्या सुमाराला पेटी जागी होते.
बत्तीस फोन लाकडात थरथरतात,
कुणी खडा मारला की मोहोळ हलावं तसे.
परवा एकोणीस नंबर सारखा उजळत होता.
अकरा वेळा. मी मोजलं.
नियम चारचा आहे.
मी रजिस्टरात ओव्हरटाइम भरत राहिले.
चारला इराण्णानं फोन घेतला
आणि तिथंच, सिमेंटवर, खाली बसला.
लेक बाळंत होताना रक्त फार गेलं होतं.
जावयानं गाव पालथं घालून बाटली मिळवली.
माय-लेकरू सुखरूप.
तिसऱ्या दिवशी इराण्णानं कुंदा आणला,
सगळ्यांना दिला, मलाही दिला.
बोलला काही नाही.
म्हणजे तसं झालं काहीच नाही.
कुंदा मात्र दिवसभर दाढेला चिकटून राहिला.

माझा फोन पेटीत नसतो. स्टाफला सूट आहे.
काल ड्रॉवर अर्धा उघडून, आवाज बंद करून
भावकाण्णाची नवी रील पाहिली.
आता कुठंतरी खिडक्यांची ग्रिलं जोडतो.
ठिणग्या उडतायत, तोंडावर काळी काच,
आणि मागची भिंत कोरी, चुना दिलेली,
एक खिळासुद्धा नाही तिच्यावर.

अंगठा बदामापर्यंत नेला.
बदाम दाबला की खाली नाव दिसतं.
अंगठा मागं घेतला,
ड्रॉवर लावला.
गेटपाशी पेटी गुणगुणत होती.